घरट्यातले पंधरा दिवस

कबुतराची मादी एका खेपेला दोन अंडी घालते. पहिलं अंडं घातल्यावर दुसरं दीड-दोन दिवसांनी येतं. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात आणि सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर पडतात. पण दोन्ही एकाच वेळी नाहीत. बहुतेक वेळा एक आधी येतं आणि दुसरं मागाहून, कधी अर्ध्या दिवसाने तर कधी पुऱ्या दिवसाने. माणसाच्या घरात एका दिवसाचं थोरलं-धाकटं कोण मोजतो? कबुतराच्या पिल्लाचं वजन मात्र पहिल्या दोन दिवसांत दुप्पट होतं. धाकटं डोळे मिटून ओलंचिंब पडलेलं असतं, तोवर थोरलं मान वर करून आईबापाच्या चोचीत चोच खुपसायला शिकलेलं असतं. सुरुवातीचे काही दिवस ही पिल्लं दाणा खातच नाहीत. आईबापाच्या गळ्याखालच्या पोटळीत दह्यासारखा एक पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचं दूध म्हणतात, आणि गंमत म्हणजे ते मादीइतकंच नरालाही येतं. हे दूध ज्याच्या तोंडी आधी लागलं, त्याचं घोडं पुढे.

परभणीच्या जुन्या मोहल्ल्यांतून गच्च्यांवर अजून कुठे कुठे कबुतरांच्या ढाबळी दिसतात. माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, त्यांनी सारी उमर या शौकात घालवली. धाकटं पिल्लू मागे पडतंय असं दिसलं, की आठवड्याभराचं झाल्यावर ते त्याला तळहातावर घेतात आणि भिजवलेले दाणे एकेक करून भरवतात. मी त्यांना एकदा म्हणालो, ‘‘चाचा, एवढी घाई कशाला? महिन्याभराने स्वतः दाणे टिपायला लागलं की खाईल पोटभर. भरून निघेल की!’’ चाचांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘बदन भर जाता मियाँ, दम नै भरता.’’

शरीर भरून येतं, दम भरून येत नाही. चाचांनी पक्षिशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. पण ग्लासगो, ग्रोनिंगन, न्यूकॅसल अशा दूरदूरच्या गावांतल्या शास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत अंडी मोजून, पिल्लं तोलून, रक्ताचे थेंब तपासून जे सांगितलं आहे, ते या वाक्याच्या फार जवळ जातं. पाखराचं बालपण त्याचं म्हातारपण आणि त्याचा स्वभाव कसा घडवतं, याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी वेग समजून घेऊ. चिमणीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा दोन-तीन ग्रॅमचं, उघडं-नागडं आणि आंधळं असतं. साधारण पंधरा दिवसांनी ते घरट्याबाहेर उडी मारतं, तेव्हा जवळपास आईएवढं झालेलं असतं. माणसाच्या लेकराने या वेगाने वाढायचं म्हटलं तर तीन किलोचं बाळ पंधरवड्यात पंचवीस किलोचं व्हायला हवं! हाडं, पिसं, डोळे, मेंदू, सगळं या पंधरा दिवसांत उभं राहतं. घराचा पाया, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी चालू असावेत तसा हा प्रकार आहे. अशात सिमेंट कमी पडलं तर काम थांबत नाही. कुठेतरी कमी टाकून गवंडी पुढे जातो. कुठे कमी टाकलं, हे वरून गिलावा झाल्यावर कुणाला दिसत नाही.

हा गिलावा खरवडून पाहण्याचं काम ग्लासगो विद्यापीठात पुष्कळ झालं. त्यांनी त्यासाठी झेब्रा फिंच हे पाखरू निवडलं. हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं, आपल्या मुनियांच्या गोतावळ्यातलं, लाल चोचीचं. आपल्याकडेही पाळीव पक्ष्यांच्या दुकानात पिंजऱ्यांतून चिवचिवताना दिसतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना सुरुवातीचे साधारण तीन आठवडे निकस खाद्य दिलं आणि नंतर चांगलं. चांगलं खाणं मिळताच त्यांनी वाढीचा वेग धरला आणि बरोबरीच्या पाखरांना गाठलं. मोठेपणी या सगळ्यांना एक सोपं कोडं घातलं: कुठल्या रंगाच्या पडद्याशी दाणे मिळतात ते ओळखायला शिकायचं. तेव्हा असं दिसलं, की जी जास्त झपाट्याने भरून निघाली होती, त्यांना हे शिकायला जास्त वेळ लागला. म्हणजे नुसती उपासमार नडली नव्हती, नंतरची घाईही नडली होती. त्याच विद्यापीठातल्या नील मेटकाफ आणि पॅट मोनाघन यांनी २००१ सालीच हा विचार मांडला होता, की मागाहून भरून निघणारी वाढ ही एक प्रकारची उसनवारी असते. आज मिळते, फेड पुढच्या आयुष्यात करावी लागते.

हे वाचलं तेव्हा मला ब्रॉयलर कोंबडी आठवली. सहा आठवड्यांत ती दोन किलोंच्या घरात जाते आणि आपण तिला म्हातारपण बघूच देत नाही. पण ब्रॉयलरची पिल्लं ज्या कोंबडे-कोंबड्यांपासून मिळतात, त्यांना तर जगवावं लागतं ना? त्यांना खाद्य मोजून देतात, भूक शिल्लक राहील एवढंच. पोटभर घातलं तर ती लठ्ठ होतात, पायांतून लंगडतात, अंडी धड देत नाहीत आणि मरतात. वेगाने वाढण्याची ताकद अंगात एवढी ठासून भरली, की आता अर्धपोटी ठेवल्याशिवाय ते पाखरू टिकत नाही. माणसाने केलेल्या करामतींतली ही एक विचित्रच म्हणायची.

आता चाचांचा ‘दम’ म्हणजे नेमकं काय? तो मोजायचा कुठे? शास्त्रज्ञांनी त्यासाठी पेशीच्या आत पाहिलं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, त्यांत घराण्याची सारी वहिवाट लिहिलेली असते. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक राखीव भाग असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. बैलाचा कासरा डोळ्यांपुढे आणा. शहाणा शेतकरी टोकाला थोडा सुंभ जास्तीचा सोडून गाठ मारतो. टोक घासतं, पिंजतं, पण मधला पीळ शाबूत राहतो. टेलोमिअरचं काम असंच आहे. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा दर वेळी हे टोक थोडं झिजतं. शरीरावर ताण आला, आतला जाळ वाढला तर आणखी झिजतं. राखीव भाग संपत आला की ती पेशी नवी पेशी तयार करणं सोडून देते किंवा मरते. आणि पेशी सर्वांत जास्त वेळा दुभंगतात त्या वाढीच्या दिवसांत. त्यामुळे कासऱ्याचं टोक सर्वांत भराभर झिजतं ते म्हातारपणी नाही, बालपणी. या टोकांवरच्या मूळ कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ सालचं नोबेल मिळालं. पाखरांमध्ये ते मोजणं सोपं जातं, कारण त्यांच्या लाल रक्तपेशींतही गुणसूत्रं असतात. आपल्या लाल पेशींत ती नसतात. पाखराचा रक्ताचा थेंब पुरतो.

ग्लासगोच्या मंडळींनी ९९ झेब्रा फिंचांच्या रक्ताचे असे थेंब पिल्लूपणापासून पुढे आयुष्यभर अधूनमधून घेतले आणि प्रत्येक पाखरू आपल्या मरणाने मरेपर्यंत वाट पाहिली. कुणी २१० दिवसांत गेलं, कुणी जवळजवळ नऊ वर्षं जगलं. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोण किती जगणार याचा सर्वांत चांगला अंदाज पंचविसाव्या दिवशी घेतलेल्या थेंबावरून आला होता. तेव्हा ज्यांची टोकं लांब होती, ती जास्त जगली. नंतरच्या वयात घेतलेले थेंब एवढं ठामपणे बोलत नव्हते. पंचविसावा दिवस म्हणजे पाखरू नुकतं घरट्याबाहेर पडून स्वतः दाणे फोडायला शिकत असतं तो काळ. ज्या वयात आपण म्हणतो ‘अजून त्याचं सगळं आयुष्य पडलंय’, त्या वयात बरंच काही ठरून गेलेलं होतं. आखूड टोक हे मरणाचं कारण की झिजेची नुसती खूण, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. मला ती खूण वाटते. पण खूण खरी असेल तर तीही पुरेशी बोलकी आहे.

हे झालं पिंजऱ्यातलं. रानातल्या पाखराचं काय? नेदरलँड्समध्ये जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या कुळातला एक पक्षी आहे, अंगाने लहान आणि मानेला करडा. ग्रोनिंगनच्या संशोधकांनी काही घरट्यांतली पिल्लं उचलून दुसऱ्या घरट्यांत ठेवली. काही घरं भरगच्च झाली, काही मोकळी. आईबाप तेवढेच, खाणारी तोंडं मात्र कमी-जास्त. भरगच्च घरातल्या पिल्लांची टोकं जास्त झिजली, आणि ज्यांची जास्त झिजली ती पुढच्या काळात कमी तगली. हे २०१४ सालचं काम. मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवीन काय वाटणार! पण आपण ते सोसण्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि या मंडळींनी ते मोजून दाखवलं.

आता स्वभावाकडे येऊ. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की आपल्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि एकाच वेळी शेकडोंनी वळणारा थवा. राखणदार माळ्यावर चढून गोफण फिरवतो, पत्र्याचे डबे वाजवतो. ही भोरडी साळुंकीच्या कुळातली. तिची वीण आपल्याकडे होत नाही. मध्य आशियाच्या आणि त्यापलीकडच्या गवताळ मुलखात ती घरटी करते आणि तिथे पिल्लांना वाढवते ती दाण्यावर नाही, तर टोळ आणि नाकतोड्यांवर. आपला दाणा लुटणारं हे पाखरू लहानपणी टोळ खाऊन मोठं झालेलं असतं. अर्थात ‘परभणी मोती’ राखत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून त्याचा राग जाणार नाही.

या भोरडीची युरोपातली चुलत बहीण म्हणजे स्टार्लिंग. न्यूकॅसल विद्यापीठात डॅनियल नेटल आणि मेलिसा बेटसन यांनी तिच्यावर काम केलं. एका प्रयोगात त्यांनी रानातल्या घरट्यांमधली पाच दिवसांची पिल्लं आणून दहा दिवस हाताने वाढवली. भावंडं वेगवेगळ्या गटांत वाटली. कुणाला भरपूर खाणं, कुणाला कमी. शिवाय दुसरा फरक असा, की काहींना थोडं तोंड उघडल्यावर घास मिळायचा आणि काहींना पुष्कळ वेळ आ वासून ओरडावं लागायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की कमी खाण्याने टोक झिजतंच, पण जास्त ओरडावं लागल्यानेही झिजतं. मला या प्रयोगाने फार अस्वस्थ केलं. घास शेवटी मिळाला तरी तो मागावा किती लागला, याचाही हिशेब शरीर लिहून ठेवतं.

याच गटाचं २०१५ सालचं आणखी एक काम आहे. मोठ्या झालेल्या स्टार्लिंगांपुढे दोन पर्याय ठेवले: आत्ता लगेच थोडं खाणं, किंवा थोडा वेळ थांबल्यास जास्त. बालपणात ज्यांची टोकं जास्त झिजली होती, ती पाखरं लगेच मिळणाऱ्या थोड्याकडे जास्त वळली. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की घरट्यात अन्नासाठी जास्त स्पर्धा करावी लागलेली पाखरं मोठेपणी उपासानंतर खातातही जास्त आणि खाणं कुठे आहे याची टेहळणीही जास्त करतात. आम्ही ज्याला सब्र म्हणतो, ती या पाखरांत कमी. पण तिला दुर्गुण म्हणावं का? ज्याच्या शरीराला आपला भरवसा कमी आहे हे आतून ठाऊक आहे, त्याने उद्याच्या मोठ्या घासासाठी आजचा लहान घास का सोडावा? त्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे. ओरबाडून खाणाऱ्या पोराला आपण ‘वळण नाही’ म्हणून मोकळे होतो. माणसाच्या पोराला पाखराची मोजपट्टी लावता येत नाही, हे मलाही कळतं. तरी हा शब्द वापरताना आता माझी जीभ अडखळते.

कविता करणाऱ्या माणसाला सर्वांत जवळचा विषय गाण्याचा. बरीच गाणारी पाखरं गाणं जन्मतः घेऊन येत नाहीत, ती शिकतात. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं, की एकांतात वाढवलेला चॅफिंच मोठेपणी काहीतरी ओबडधोबड गातो. पुढे पीटर मार्लर यांनी अमेरिकेतल्या एका चिमणीवंशातल्या पाखरावर काम करून सांगितलं, की शिकण्याची खिडकी वयाच्या पहिल्या दोनेक महिन्यांतच उघडी असते. त्या दिवसांत कानावर पडलं ते पडलं. आता यात भूक आणून बसवा. गाणं शिकणारे मेंदूचे भाग याच आठवड्यांत बांधले जात असतात. २००२ साली स्टीफन नोविकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लहानपणी कमी खाणं मिळालेले नर मोठेपणी गुरूचं गाणं नेमकं उचलू शकत नाहीत आणि त्यांचे मेंदूतले गाण्याचे भागही लहान राहतात. मादी झाडावर बसून नराचं गाणं पारखते, ते उगीच नाही. त्या सुरांतून तिला त्याचं बालपण ऐकू येत असतं. कोकीळ मात्र याला अपवाद. तो कावळ्याच्या घरी, कावळ्याच्या हातचं खाऊन वाढतो आणि तरी गातो ते कोकिळाचंच. त्याने ते आतूनच आणलेलं असतं.

विणकामाचंही असंच आहे. आपण मराठीत सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. सालिम अलींनी १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पाखरांचा बारकाईने अभ्यास करून हा सारा संसार लिहून ठेवला. नर अर्धा खोपा विणून माद्यांना बोलावतो, त्या येऊन पाहून जातात, पसंत पडला तर ठीक. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेत निकोलस आणि एल्सी कोलायस या दांपत्याने सुगरणीच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांवर प्रयोग केले. ज्या तरुण नरांना सुरुवातीच्या काळात गवताची पातीच हाताळायला दिली नाही, ते पुढे पाती मिळाल्यावर विणकामात मागे पडले. वारसा अंगात असतो, पण हात वेळेवर चालू व्हावा लागतो.

आपल्या भागाचा खरा प्रश्न उन्हाचा. परभणीचा मे महिना मी काय वर्णावा, पारा ४२-४३च्या पुढे जाणं इथे बातमीही राहिलेली नाही. उन्हाचा आणि बालपणाचा संबंध सांगणारा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. माझ्या वाचनातला हा सर्वांत नवलाचा. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या मायलीन मॅरिएट आणि कॅथरीन ब्युकॅनन यांच्या लक्षात आलं, की झेब्रा फिंच अंड्यांवर बसलेले असताना, हवा २६ अंशांच्या वर गेली की एक वेगळाच आवाज काढतात. जोडीदार जवळ नसतानाही. आणि तोही अंडी उबण्याच्या शेवटच्या पाच दिवसांत. मग ते कुणाशी बोलतात? अंड्यांशी! संशोधकांनी अंडी यंत्रात उबवायला ठेवली. काहींना हा उन्हाचा आवाज ऐकवला, काहींना साधा. उन्हाचा आवाज ऐकून जन्मलेली पिल्लं गरम घरट्यात अंगाने लहान राहिली. हे नुकसान नव्हतं. त्या उन्हात लहान अंगच सोयीचं ठरलं, आणि अशा पाखरांना मोठेपणी पिल्लं जास्त झाली. घरटं निवडतानाही त्यांनी जास्त उबदार जागा पसंत केल्या.

अभिमन्यूने आईच्या पोटात चक्रव्यूह ऐकला ही गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देतात. पण बाहेरच्या हवेची खबर कवचाआडच्या लेकराला आधीच देऊन ठेवणारे हे आईबाप दोघांच्याही एक पाऊल पुढे गेले म्हणायचे.

कोंबडीपालनात या जातीचं ज्ञान आधीपासून वापरात आहे. तीन ते पाच दिवसांच्या पिल्लांना एक दिवसभर नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे ३६ ते ३८ अंशांची ऊब दिली, तर ती पुढे मोठेपणी उन्हाचा तडाखा जास्त सोसतात, असं इस्राएल आणि फ्रान्समधल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. हा प्रयोग कुणी घरच्या डालग्याखाली करून पाहू नये. प्रमाण चुकलं तर पिल्लं हातची जातील. मुद्दा एवढाच, की शरीर कशाची सवय लावून घेईल हे ठरण्याचे दिवस मोजके असतात.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग सगळं घरट्यातच ठरलं, नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. तसं नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. ग्रोनिंगनमध्येच सिमोन वेर्हुल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा फिंचांवर अनेक वर्षं चाललेला एक प्रयोग केला. काही पाखरं कमी पिल्लांच्या घरट्यात वाढवली, काही भरगच्च घरट्यात. मोठी झाल्यावर दोन्हीकडच्या पाखरांचे पुन्हा दोन भाग केले. एका भागाला दाणे आयते, बसून खायचे. दुसऱ्या भागाला बसायला दांडीच नाही. हवेत फडफडत राहून एकेक दाणा मिळवायचा. मग कोण किती जगतं ते पाहिलं. २०१७ साली जे प्रसिद्ध झालं ते असं: चांगल्या घरट्यातून आलेल्या पाखरांना कष्टाच्या खाण्याने फारसा फरक पडला नाही. हलाखीच्या घरट्यातून आलेल्यांचं आयुष्य मात्र कष्टात आखूड झालं. आणि त्याच हलाखीच्या घरट्यातून आलेली जी पाखरं नंतर सुखात राहिली, त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे बालपणीचं कर्ज असतं खरं, पण सावकार दारात येतो तो पुढचे दिवसही वाईट आले तर. नंतरच्या दिवसांत भार हलका झाला तर ते कर्ज पुष्कळ काळ निद्रिस्त राहू शकतं.

माणसांच्या बाबतीत या तऱ्हेचं मोठं काम आपल्या पुण्यात झालेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या लेकरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली ही हडकुळी बाळं चरबीच्या बाबतीत तेवढी मागे नव्हती. कमी पडलं होतं ते मांस. त्याआधीपासून पाठपुरावा केलेल्या पुण्याच्याच मुलांवरचा एक अभ्यास १९९९ साली आला. मधुमेहाकडे नेणारी लक्षणं आठव्या वर्षी सर्वांत जास्त कुणात दिसली? जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी मोठी झालेल्या मुलांत. उसनवारीची वाढ इथेही होतीच. विषय मोठा आहे, त्यावर डॉक्टरांनी बोलावं. मी पुन्हा पाखरांकडे वळतो.

मराठवाड्यात चिमण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माळवदात संसार केले. लाकडी तुळया, सर, त्यांमधल्या फटी, वर मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात आत गारवा. माळवदं पडली, स्लॅब आले, पत्रे आले आणि चिमणीची सोय गेली. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो, आणि त्यानिमित्ताने पुठ्ठ्याची, लाकडाची घरटी वाटण्याची चांगली पद्धत पडली. पण ते घरटं आपण टांगतो कुठे? सोयीची जागा म्हणजे पत्र्याच्या शेडखाली, पश्चिमेच्या भिंतीला, किंवा दुकानाच्या पाटीमागे हमरस्त्यावर. पत्र्याखालचं पुठ्ठ्याचं खोकं मे महिन्यात भट्टी होतं. आईने कितीही हाका दिल्या तरी त्या भट्टीत पिल्लू वाचत नाही.

रस्त्याचंही ऐका. फ्रान्समध्ये चिमण्यांच्या घरट्यांजवळ रहदारीचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाहिला. २०१५ सालचं हे काम. पिल्लांचं वजन नेहमीसारखंच भरलं, वरून सारं ठीक. टेलोमिअर मात्र शांत जागेतल्या पिल्लांपेक्षा आखूड निघाले. तेव्हा घरटं टांगायचं तर घराच्या मागच्या बाजूला, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, सावलीत, आणि पत्र्यापासून लांब.

दुसरं खाण्याचं. आपण प्रेमाने तांदळाची कणी, बाजरी, पोळीचा चुरा टाकतो. थोरल्या चिमण्यांना तो चालतो. पिल्लाला पहिल्या दिवसांत दाणा नको असतो, अळी हवी असते, मावा हवा असतो, कोळी हवा असतो. चिमणी दिवसभर खेपा घालते त्या यासाठी. नेमक्या त्याच दिवसांत आपण परसातल्या वालाच्या वेलावर मावा दिसला म्हणून पंप घेऊन उभे राहतो. भिंतीतून पिल्लांचा चिवचिवाट येत असेल तर ती फवारणी पंधरा दिवस पुढे ढकलता येते. वालाच्या शेंगा त्या खेपेला थोड्या कमी लागतील.